मागून हाक

आमच्या घरात मला आरटीओ म्हणतात, आणि तेही तोंडावर. कुणाला शहराबाहेर गाडी न्यायची असली की ती आधी माझ्यासमोर उभी करावी लागते. टायरमधली हवा, टायरवर कोरलेले चार आकडे (त्यावरून टायर कुठल्या वर्षीचं ते कळतं), स्टेपनी, जॅक, कूलंट, वायपर, सगळं मी स्वतः बघते. शेवटी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारते, "झोप झाली का?" मी शाळेत विज्ञान शिकवते. खोटं बोलणारे चेहरे रोज वर्गभर बघते, त्यामुळे मला फसवणं सोपं नाही.

माझी लेक नागपूरला नोकरीवर रुजू होणार होती. गाडी घेऊन एकटीच जाणार म्हणाली, आणि माझी भूकच मेली. गाडीला चारही टायर नवी घातली होती, तरी निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा छावणीतल्या टायरवाल्याकडे गेले. त्याला माझी सवय आहे, मला बाजी, म्हणजे ताई म्हणतो. तो म्हणाला, "बाजी, परसोंच तो डाले नये टायर. अब कित्ता देखते?" मी म्हटलं, चाक काढून आतली बाजूही दाखव. त्यानं कपाळावर हात मारला आणि जॅक लावला.

माझा थोरला भाऊही नागपूरलाच निघाला होता, नोकरीवर रुजू व्हायलाच. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. दादानं चारच दिवसांपूर्वी एक जुनी गाडी घेतली होती आणि तो तिला बायकोसारखा जपत होता. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरासमोर मायनं गाडीची पूजा केली. पूजेत वेळ गेला, निघायला दहा वाजले. मे महिना होता. चाकांखाली लिंबं ठेवायचं काम बहिणीचं, म्हणून ती मीच ठेवली. दादानं दही-साखर तळहातावर घेऊन चाटली, "येतो" म्हणाला आणि गाडी सुरू केली.

लिंबू नीट चिरडलं का ते बघायला मी वाकले. मागचं डावं चाक अर्धं फिरलं आणि इतका वेळ खाली जमिनीजवळ दडलेला भाग वर आला. टायरच्या कडेला फुगवटा होता, लिंबाएवढाच.

मी "दा" एवढंच म्हणाले. तेवढ्यात मायचा हात माझ्या तोंडावर बसला. त्या हाताला हळदीचा वास येत होता. "मागून हाक मारू नाय गं," ती म्हणाली, "चांगल्या कामाला चाललाय त्यो." गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

फोन माझ्या हातात होता. ही गोष्ट मला लपवायची नाही. मायचा हात काही दिवसभर माझ्या तोंडावर नव्हता. पण फोन करणं म्हणजेही मागून हाक मारणंच, असं माझ्याही मनात आलं. माझ्या, विज्ञान शिकवणारीच्या. निदान शहराबाहेर पडू दे, मग सांगू, असं ठरवलं. मग स्वतःची समजूत घातली की पंपावर हवा भरताना तो बघेलच. आवरून शाळेत गेले. सुट्टीतही नववीच्या मुलांचे जादा तास होते, फोन पर्समध्येच राहिला. जालन्याच्या पुढं टायर फुटलं आणि गाडी उलटली. दादा जागीच गेला. मला कळलं तेव्हा फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, उष्णतेने हवा प्रसरण पावते. आजही तो धडा आला की मी मुलांना उभं करून वाचायला लावते आणि खिडकीबाहेर बघत राहते.

फुगवट्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. मायला तर नाहीच. ते कळलं असतं तर तिनं स्वतःच्या हाताकडे पुन्हा बघितलं नसतं. दिवसा मी हे गिळून टाकत होते. पण बाजारात, सिग्नलवर, कुठंही पुढच्या गाडीचं मागचं डावं चाक फिरू लागलं की माझ्या तोंडाला हळदीचा वास यायचा. अजूनही येतो. मायनं त्यानंतर कुठल्याच गाडीखाली लिंबू ठेवू दिलं नाही. मला वाटलं, तिची देवावरची श्रद्धा उडाली.

लेक सकाळी सहाला निघणार होती. ऊन चढायच्या आत अर्धा रस्ता संपवायचा, दर दोन तासांनी थांबायचं, चालवताना माझाही फोन उचलायचा नाही. माझी सगळी कलमं तिनं घडाघडा म्हणून दाखवली. "आई, तुझी झोप झाली का?" तिनं उलट विचारलं. झाली नव्हती. "जाते" म्हणाली, जीभ चावली आणि "येते गं" म्हणाली. दही-साखर खाऊन ती गाडीत बसली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि पाच-सात हात गेली असेल.

"ए! थांब! थांब गं पोरी!"

माय ओरडत होती. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. लेकीनं करकचून ब्रेक दाबला. माय अनवाणी गाडीपर्यंत गेली, गुडघ्यावर हात टेकत मागच्या डाव्या चाकाशी बसली आणि टायरच्या कडेवरून तळहात फिरवू लागली. मग म्हणाली, "जराशी म्होरं घे." लेकीनं गाडी थोडी पुढं घेतली. खाली दडलेला भाग वर आला. मायनं तोही चाचपून बघितला, अगदी सावकाश.

"जा आता. नीट जा अन् ये."

गाडी गेली. चाक पुढं घेतल्याशिवाय ती जागा दिसत नाही, हे फक्त मला माहीत होतं.

"माय, तुला कधी कळलं?"

"झोपंत वरडतीस तू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दादा थांब, मागचं डावं चाक फुगलंय, खालचं वर आलंय, म्हून. पहिल्या सालापसून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हात तर माझाच व्हता."

मला रडू फुटलं. नऊ वर्षं मी तिला जपत होते असं मला वाटत होतं. तिच्या तळहाताला टायरचं काळं लागलं होतं. ती तो पदराला पुसेना, नुसता पुढं धरून उभी राहिली. मी नळाशी नेऊन धुतला.

एक वाजता लेकीचा फोन आला, पोचले म्हणून. तोवर आम्ही दोघी जेवलो नव्हतो. मी काही बोलायच्या आत मायनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि विचारलं, "चाक लई तापलं का गं?"