एकाच चरातल्या दोन लाइन

ऑनलाइन परीक्षेला राहू गावच्या मुलींना पहाटेच्या एसटीनं पुणं गाठावं लागायचं. निम्म्या घरांतून पाठवतच नसत. म्हणून आम्ही भांडून गावच्या अभ्यासिकेला परीक्षा केंद्र मिळवलं. अट एकच: पेपर चालू असताना इंटरनेट तुटलं, तर केंद्र रद्द.

अभ्यासिका चालवणारे आप्पा म्हणाले, इंटरनेटची एकच वेगवान लाइन घेऊ. मी लगेच पत्रक काढलं. 'मुलींना एका कंपनीच्या दयेवर सोडू नका. दोन कंपन्यांच्या दोन लीज लाइन, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या स्वतंत्र लाइन, घ्या.' वेग कमी, पण एक पडली तर दुसरी आहेच. बैठकीनं माझं ऐकलं. कंपन्यांच्या करारांवर सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी यवतच्या रस्त्याला एक मामा जेसीबी लावून पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणत होते. तळाशी दोन केबल उघड्या पडल्या होत्या, काळी आणि नारंगी, वीतभर अंतरावर.

"दोनी राहूलाच जात्यात, ताई," मामा म्हणाले. "दोन कशाला? एकमेकीला सोबत व्हय?"

जेसीबीच्या एका घासात दोन्ही गेल्या असत्या. मी तिथूनच दोन्ही कंपन्यांना फोन लावला. दोघांचं उत्तर तेच: "मॅडम, रस्त्याकडेचा चर एकच आहे. तुम्ही विचारलं नव्हतं."

विचारलं नव्हतं! आणि मी तर छापून वाटलं होतं.

आप्पांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पत्रकात हे राहिलंच म्हंजी."

"चुकले, आप्पा. घ्या तुमची एकच लाइन."

"ती तरी कुठनं येणाराय? त्याच चरातनं."

शेवटी दोन्ही लाइनींच्या करारांवर सह्या झाल्या. मग मी दुसरं पत्रक काढलं. शेतकऱ्यांसाठी, चारच ओळी: परीक्षेच्या दिवशी दुपारपर्यंत या कडेला खणू नका. वस्तीवस्तीवर हातात दिलं. तरी झोप लागेना. पत्रकावर एवढा अविश्वास मला कधी वाटला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी मी केंद्रावर गेलेच नाही. रस्त्यावर गाडी घेऊन येरझाऱ्या घालत होते. अकराच्या सुमाराला एक जेसीबी आला. मी गाडी आडवी घातली. ड्रायव्हर हिंदीत वैतागला, त्याला पुढं वीटभट्टीवर जायचं होतं. भट्टीच्या फाट्यापर्यंत मी त्याच्या मागं गेले.

साडेबाराला आप्पांचा फोन आला. गाडी कडेला लावून उचलला.

"पेपर झाला," आप्पा म्हणाले. "पोरी जेवायला बसल्यात. तू कुठंय?"

"चरापाशी."

"ये आता. पुढचा पेपर सोमवारी हाय."