कॉमासकट डॉक्टर

आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी आयुष्यात विरामचिन्हाशिवाय एकही वाक्य उच्चारलेलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. अंबरनाथच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करते, तिथे ते कित्येक वर्षं ओपीडी बघताहेत. त्यांनी रेकॉर्डरमध्ये बोलायचं, मी ते ऐकून टाइप करायचं आणि टाइप केलेलं हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये पेशंटच्या नावावर चढवायचं, अशी आमची वाटणी. पण इतकी वर्षं रेकॉर्डरशी बोललेल्या माणसाला तो बंद झालेला कळत नसावा. कॅन्टीनमध्ये ते सांगायचे, "एक चहा, कॉमा, साखर अर्धी, फुलस्टॉप." माझ्या मुलीच्या बारशाला ते हेंद्रेपाड्याला आमच्या घरी आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाळ गोड आहे, फुलस्टॉप. नाक वडिलांचं, क्वेश्चन मार्क." माझ्या सासूबाई त्या क्वेश्चन मार्कावरून अजून धुसफुसतात.

बाकीचे डॉक्टर पेशंट बाहेर गेला की मग रेकॉर्डर हातात घेतात. आमचे डॉक्टर पेशंटला समोर बसवून, आधी खाकरून, खणखणीत आवाजात त्याची सगळी हकिकत त्याच्यादेखत सांगत. मराठी माणसासमोर मराठीत, उल्हासनगरहून आलेल्यासमोर हिंदीत. "ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर बोलावं," हा त्यांचा बाणा. शेवटी ते विचारत, "बरोबर आहे?" आणि पेशंट "हो" म्हणेपर्यंत रेकॉर्डर बंद होत नसे. पेशंट कसले ऐकतात? ते दुरुस्त्या सुचवत. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चादरी-पडद्यांचं दुकान असलेल्या एक सिंधी आँटी गुडघे दाखवायला येत. पहिल्याच भेटीत वजनाचा उल्लेख येताच त्या उसळल्या, "साईं, ये मत लिखाओ. मेरी बहू कंप्यूटर पढ़ती है." डॉक्टरांनी गंभीरपणे पुढचं वाक्य सांगितलं, "वज़न ज़्यादा है ऐसा काँटे का कहना है, कॉमा, पेशंट को मंज़ूर नहीं, फुलस्टॉप." आँटींनी विचार केला आणि म्हणाल्या, "अब बरोबर है." मी ते शब्दशः चढवलं. आजही कोणी उघडलं तर काट्याचं म्हणणं आणि आँटींचं म्हणणं शेजारी शेजारी नांदताना दिसेल.

सिस्टिमला मात्र असली माणुसकी झेपत नव्हती. तिच्यात गुडघ्यासाठी तीनच चौकटी: उजवा, डावा, दोन्ही. डॉक्टरांचा गुडघा कधी एकटा येतच नसे. तो चौथ्या मजल्यावर राहायचा, त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नसायची, त्याला पाणी खालून भरावं लागायचं आणि सून त्याच्याशी बोलत नसायची. हे सगळं मी "इतर" नावाच्या चौकटीत कोंबायचे. तिथेही अक्षरांची मर्यादा. एका आजींची नोंद "सुनेला स्पष्ट सांगितलं आहे की" एवढ्यावरच तुटली, आणि आमच्या डॉक्टरांच्या रजेच्या काळात ओपीडी बघणारे तरुण डॉक्टर दोनदा मला विचारून गेले की सुनेला नेमकं सांगितलंय काय. सिस्टिम विकणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा शिकवायला आला. "सर, बोलायचं नाहीच, नुसतं क्लिक करायचं," तो म्हणाला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आणि मी काय लिहिलं हे पेशंटला ऐकू कसं येणार, क्वेश्चन मार्क?" त्या माणसाने आमचा चहा घेतला आणि तो निघून गेला.

आणि मग एक दिवस डॉक्टरांचा आवाज बसला. आधी आम्हाला सर्दी वाटली. ती घशातली गाठ निघाली. साधीच होती, पण ऑपरेशननंतर आवाज परत येईल की नाही, याची खात्री कोणी देईना. इथे आमचं धाबं दणाणलं. सगळ्या डॉक्टरांनी स्वतः क्लिक करून नोंदी भरायच्या, असा फतवा कधीच निघाला होता. एकट्या आमच्या डॉक्टरांना वयाकडे बघून रेकॉर्डरची सूट होती. आवाजच नाही तर सूट कशाची? पेशंटची नोंद त्याच दिवशी चढली नाही तर ओपीडी तरुण डॉक्टरांकडे द्यावी लागेल, असं व्यवस्थापनाने त्यांना फार आदराने कळवलं. टायपिंग करायला बसले की ते एकेक अक्षर चष्मा पडल्यासारखं शोधत. लिहून द्यावं म्हटलं, तर त्यांचं अक्षर औषधाच्या दुकानातही लागत नसे. रविवारी करमत नाही म्हणून हा माणूस सोसायटीच्या वॉचमनचे गुडघे दाबून बघायचा. त्याची ओपीडी काढून घेतली तर त्याने करायचं काय, या विचाराने मला जेवण जाईना.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या ओपीडीला मी त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. ते खुणा करतील, मी अंदाजाने टाइप करीन, एवढीच माझी योजना. टेबलावर रेकॉर्डर सवयीने ठेवलेला. पहिल्याच नंबराला आँटी आल्या. डॉक्टरांच्या गळ्यावरची पट्टी त्यांनी बघितली, टेबलावर मी ठेवलेल्या पाटीवरचं "बोलता येत नाही" हे माझ्याकडून वाचून घेतलं. डॉक्टरांनी गुडघे तपासले, वाकवले, दोन बोटांनी कुठे सूज आहे ते मला दाखवलं आणि हे सगळं आता सांगू कसं, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात आँटींनी रेकॉर्डर स्वतःकडे ओढला, बटण दाबलं आणि खाकरल्या. हुबेहूब डॉक्टरांसारख्या. "पेशंट आज अपने पैर से चलके आई है, कॉमा, रिक्शा गेट पे छोड़ा, फुलस्टॉप. राइट घुटना बेटर. लेफ्ट में सूजन, कॉमा, अंदर की साइड, फुलस्टॉप. सीढ़ी अभी भी तीन माला, लिफ्ट का काम चालू नहीं." मग त्या थांबल्या. एकदा डॉक्टरांकडे बघितलं. "वज़न," त्या म्हणाल्या, "काँटा जो बोलता है वो लिखो, फुलस्टॉप." आणि रेकॉर्डर डॉक्टरांच्या पुढे धरून विचारलं, "बरोबर है, साईं?"

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. दरवाजा उघडाच होता. बाहेरच्या बाकांवर सगळं ऐकू गेलं असावं. कारण मग कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आत आले ते थेट सेमीकोलनसकट इंग्रजीत बोलले. बदलापूरच्या पुढच्या गावातली एक म्हातारी हात पुढे करून मला म्हणाली, "लिव गं बाय, मनगट दुखतंय, कॉमा टाक." एवढी वर्षं आपण नुसतं पेशंटना ऐकवतोय असं डॉक्टरांना वाटत होतं, आणि इकडे पंचक्रोशीला आपापल्या दुखण्याचं डिक्टेशन पाठ झालं होतं. मी अक्षरशः थक्क होऊन टाइप करत होते. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी ओपीडी संपायच्या आत चढल्या, आणि व्यवस्थापनाने पुन्हा विषय काढला नाही.

आता त्यांचा आवाज आलाय, पण तो खणखणीतपणा गेला. कापडातून बोलल्यासारखं वाटतं. दोन वाक्यांत ते दमतात आणि रेकॉर्डर पेशंटकडे सरकवतात. मला मधे एकदा त्यांचा जुना आवाज ऐकायची फार इच्छा झाली. पण नोंद चढली की आवाजाची फाईल पुसायची, असा नियम आहे आणि मी तो कधी मोडला नाही. सगळा कॉम्प्युटर शोधला. त्या आवाजातला एक फुलस्टॉपसुद्धा शिल्लक नव्हता.

दुसऱ्या दिवशी आँटी येऊन गेल्या. त्यांची नोंद टाइप करताना सुरुवातीचं ते हुबेहूब डॉक्टरांसारखं खाकरणं मी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मग संध्याकाळी नियमाप्रमाणे तीही फाईल पुसली. सकाळी ओपीडी होतीच.