खांद्याशी थांबलेली किक

धम्मप्रियाचा उजवा पाय कमरेपर्यंत सहज येई, छातीकडे निघताना अडखळे आणि जांघेत कळ उठून खाली पडे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत किक समोरच्याच्या डोक्यापर्यंत पोचावी लागते. दोनदा परीक्षेला नांदेडला जाऊन ती तशीच परतली होती.

बिलोलीच्या बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान. वय बत्तीस. दर रविवारी भुजंग सर नांदेडहून येऊन शाळेच्या मैदानावर मुलींना कराटे शिकवत, आणि मुलींसोबत तीही शिके. दिवाळीनंतर सरांची बदली होणार होती. शिकवायला बाई असेल तरच पाठवू, असं मुलींच्या घरचे म्हणाले होते. शिकवणाऱ्याकडे ब्लॅक बेल्ट हवा, हा कराटे संस्थेचा नियम. म्हणजे सगळा वर्ग तिच्या त्या एका पायावर टांगलेला होता.

दुकान आवरलं की ती भिंतीला पाठ लावून बसे, दोन्ही पाय बाजूंना पसरी आणि पुढे वाके. फरशी जवळ येत नसे. दुकानात हाताशी असलेली तिची आई भामाबाई ते बघून तोंड फिरवी.

"लहानपणी घसा कोरडा केला, पाय जवळ घेऊन बस म्हणून. आता उलटं करून राहिलीस."

"तवा जवळ घेतले म्हणूनच आता फाकत न्हाईत, माय."

मैदानावर सर म्हणत, "ताई, दम धरा. दुखलं की थांबा."

"थांबूनच राहिले न सर, दोन वर्षं."

पंधरा वर्षांची लुंबिनी तिच्याहून चांगली उंच. ती एकदा म्हणाली, "ताई, मी खाली बसते. मग मारा डोक्यावर." सगळ्या हसल्या. धम्मप्रियाही हसली. दुकानात येऊन मात्र तिने सुई मोडेपर्यंत मशीन हाकली.

सरांच्या बदलीआधीची शेवटची परीक्षा तोंडावर आली तेव्हा सरांनी आपली उसवलेली कराटेची पँट तिच्याकडे दुरुस्तीला दिली. टेबलावर ती उलटी करताच तिचा हात थबकला. दोन्ही पायांच्या मध्ये पतंगासारखा चौकोनी तुकडा जोडलेला होता. आसन, म्हणजे दोन पाय जुळतात ती जागा, चांगलीच वर होती. तिने स्वतःची पँट शेजारी पसरली. ती तिनेच शिवलेली, सलवारीच्या अंदाजाने. आसन वीतभर खाली, मध्ये तुकडा नाही. अंगाचा आकार दिसू नये म्हणून. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या पँटाही तिने अशाच शिवल्या होत्या. कुणाच्या आईने तसं सांगितलंही नव्हतं. तिची कात्री आपोआपच तशी चालली होती.

भर दुपारी शटर अर्धं ओढून तिने आपली पँट उसवली, आसन वर घेतलं, तुकडा जोडला. मग ती घालून पाय उचलला. छाती ओलांडून पाय खांद्यापर्यंत गेला. पुन्हा उचलला. खांद्यापर्यंतच. आता कापड आड येत नव्हतं. आता आडवी येत होती ती तिची जांघ. राग काढायला दुसरं कुणी उरलं नाही, याचाच तिला जास्त राग आला.

मग तिने मुलींच्या पँटाही उसवून नीट केल्या. त्या रविवारी लुंबिनीची किक धम्मप्रियाच्या डोक्यावरून गेली.

"ताई! गेली की वो!"

"दिसलं मला," धम्मप्रिया म्हणाली, आणि टाळ्या वाजवल्या.

तिची किक परीक्षेतही खांद्याशीच थांबली. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एवढी वर कधीच गेली नव्हती, ताई. उन्हाळ्यात पुन्हा बसा."

"आन् तवर पोरी?"

सर चपलेचा पट्टा लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा दुकानात भिंतीशी बसली. भामाबाई सवयीने म्हणाली, "पाय जवळ..." आणि लेकीशेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "डोक्यापर्यंत किती उरलं गं?"

धम्मप्रियाने हवेत वीत धरून दाखवली.

"एवढंच?"

"एवढंच म्हणू नको, माय."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. लुंबिनीचा आवाज आला, "ताई, सर तर न्हाई येणार आता. रविवारी यायचं का आम्ही?"

भामाबाईने लेकीकडे पाहिलं. धम्मप्रियाने दोन्ही टाचा आणखी थोड्या बाहेर सरकवल्या, दात आवळले आणि पुढे वाकली. शटर पुन्हा वाजलं.