कॅलिफोर्निया सोडता सोडेना

नोकरीची सगळी वर्षं कॅलिफोर्नियात काढून, अमेरिकेचं नागरिकत्व खिशात घालून, निवृत्तीनंतर आम्ही दोघं सिंगापुरात सेरंगूनला मुलीजवळ राहायला आलो. काही दिवसांनी बायकोला बसचा नंबर दिसेनासा झाला. मोतीबिंदू. एकदा यिशुनला जायचं म्हणून ती भलत्याच बसमध्ये चढली, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "अगं, काळजी कसली? अमेरिकन सरकारचा म्हाताऱ्यांचा विमा आहे ना! दरमहा हप्ता जातोय."

दवाखान्यातल्या मुलीने बायकोचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "अंकल, धिस वन हिअर कॅनॉट लाह. अमेरिका ओन्ली."

मग इथला खाजगी विमा काढायला धावलो. काढा की, म्हणाले. फक्त आधीपासूनचा मोतीबिंदू त्यात धरणार नाही.

म्हणजे ऑपरेशनला कॅलिफोर्नियात जाणं आलं. पण तिथे मुक्काम केला की त्या राज्याचा कर मागे लागेल, ही धास्ती. म्हणून ओळखीतल्या एका अकाउंटंट मुलीला जेवायला बोलावलं.

"काका, तिकडे तुमचं काय काय शिल्लक आहे?"

स्थळाची माहिती सांगावी तशा ऐटीत मी सांगितलं: लायसन्स चालू, मतदारयादीत नाव, मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी, पत्ताही त्याचाच. आपल्याकडे काही टाकवत नाही हो. लोक श्रीखंडाचा डबा धुऊन ठेवतात, मी अख्खं राज्य ठेवलं होतं.

तिचा घास हातातच राहिला. "मग कर लागायला मुक्कामाची काय गरज? त्यांच्या लेखी तुम्ही अजून तिकडचेच. इथे नुसते फिरायला आलाय. पेन्शनवरसुद्धा कर मागतील."

"कराला तिकडचे, डोळ्याला इकडचे," बायको आमटी वाढत म्हणाली. "तेल गेलं, तूप गेलं. धुपाटणं तेवढं ह्यांनी मित्राच्या गॅरेजात ठेवलंय!"

शेवटी त्या अकाउंटंट मुलीच्या सल्ल्याने थोड्या दिवसांसाठी गेलो. कार्ड एकदाचं चाललं, डोळा झाला. त्याच फेरीत गाडी विकली, यादीतून नाव काढलं. लायसन्स सोडताना माझ्या डोळ्यांत पाणी, बायकोच्या डोळ्यात औषधाचे थेंब.

परतल्यावर विम्याचा एजंट घरी आला. मी सवयीने सहीला पेन काढलं. बायकोने कागद ओढले आणि मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचायला लागली.

"अहो, पेन ठेवा खाली. ह्यात तुमचे गुडघे नाहीत."