तळ्याला सांगायचं राहून गेलेलं

पाहुणा आला की माझा नवरा शाल आणि नारळ काढतो. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या मराठी मंडळाचा तो अध्यक्ष, त्यामुळे त्याच्या कपाटात शर्टांपेक्षा शाली जास्त. मँचेस्टरला शिकणारी आमची मुलगी गेल्या उन्हाळ्यात एका बाईंना मुक्कामाला घेऊन आली, तेव्हाही तो दारातच शाल धरून उभा.

बाई ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, नूंगर समाजाच्या. गेलेल्या जमिनींच्या हक्कासाठी सरकारशी बोलायला त्यांच्या लोकांनी ज्यांना पुढे केलं, त्यांतल्या एक. इथे त्या एका काठीसाठी आल्या होत्या. त्यांच्याकडच्या बायका कंद उकरायला वापरत, तशी काठी. त्यांच्या पणजीच्या मुलखातून कुणा साहेबाने ती उचलून आणली होती आणि आता ती आमच्या जवळच्या एका छोट्या संग्रहालयात पडून होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या विश्वस्तांना भेटून ती परत मागायची होती.

नवऱ्याने शाल पांघरली, नारळ दिला आणि ब्रॅकनेलच्या वतीने स्वागताचं भाषण ठोकलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, मग मुलीला हळूच काही विचारलं.

"बाबा, त्या विचारतायत, तुम्ही इथलेच आहात का? त्यांच्यात वेलकम फक्त त्या जमिनीची माणसं करतात. दुसऱ्याच्या कंट्रीत, म्हणजे मुलखात, आपण नाही करायचं."

"आपण कौन्सिल टॅक्स भरतो की," नवरा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मग अस्सल ब्रॅकनेलकर शोधणं आलं. शेजारचे आजोबा याच गावात जन्मलेले. ते कुंपण रंगवत होते. बोलावल्यावर आधी घाबरले, त्यांना वाटलं आम्ही कचऱ्याच्या बिनांवरून भांडायला आलोय. कुणी त्यांना आपल्या गावात कुणाचं स्वागत करायला सांगितलं नव्हतं. रंगाचा हात पँटला पुसून त्यांनी तो बाईंपुढे केला, "वेलकम, लव्ह" म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी त्यांना विचारलं, जवळ पाणी कुठे आहे? आजोबा सगळ्यांना मागच्या तळ्यावर घेऊन गेले. बाईंनी काठावरची मूठभर माती हातात चोळली, पाण्यात टाकली आणि आपल्या भाषेत बोलल्या: मी कोण, कुणाची, कशासाठी आले. नव्या पाण्यापाशी आलं की आधी हे सांगायचं, ही त्यांची रीत, मुलीने सांगितलं. बदकांना वाटलं पाव टाकला, ती धावत आली.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी काठी हातात घेऊ दिली आणि "विचार करू" म्हणाले. मंडळाच्या बैठकांत आयुष्य गेलेल्या माझ्या नवऱ्याला या दोन शब्दांचा अर्थ पक्का ठाऊक. तो भाषण न करता चहा करायला गेला. बाई म्हणाल्या, मी कोण ते काठीला सांगून आलेय, आता ती वाट बघेल.

आणि विश्वस्तांनी खरंच विचार केला. परवा मुलीचा फोन आला: काठी घरी जाणार, बाई ती न्यायला येतायत. शेजारच्या आजोबांनी त्याच दिवशी कोट धुवायला टाकला.

नवरा मात्र शाली काढेना. "चल, जरा तळ्यावर जाऊ," म्हणाला. इस्त्रीच्या पँटीत कसाबसा उकिडवा बसला, माती चोळून पाण्यात टाकली. आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गावाचं सांगितलं. मग अडला. ज्याला माइक सोडवत नाही, त्याला शब्द सापडेना.

"नोकरीसाठी आलो होतो," तो शेवटी पाण्याला म्हणाला. "राहिलो. विचारायचं राहून गेलं."

मीही वाकले आणि मूठभर माती उचलली.