बाळंतविडा कसला?

तीर्थपुरीत आमचे एक शेजारी आहेत; त्यांना कुठल्याही गोष्टीत काय नाही, ते आधी दिसतं. लग्नात पोटभर जेवून म्हणतील, "बँड न्हाई त लगन कसलं?" आमच्याच घरचा चहा संपवून म्हणतील, "आलं न्हाई त चहा कसला?" मी हसतो आणि त्यांचा कप पुन्हा भरतो. शेजार टिकवायचा तर एवढं सोसावं लागतं, असं बायकोला समजावत माझं अर्धं आयुष्य गेलं.

परदेशात राहणाऱ्या आमच्या लेकीनं बाळ दत्तक घेतलं. नातीला पहिल्यांदा बघायला आम्ही निघालो, तेव्हा हे शेजारी आपल्या दुकानातला काटा घेऊन बॅगा तोलायला आले. एक बॅग जड भरली. त्यांनी चेन उघडली आणि बायकोनं हातानं शिवलेला बाळंतविडा, कुंची, झबली, दुपटी, सगळं काढून पलंगावर टाकलं.

"हे ऱ्हाऊ द्या घरीच. बाळंतीण न्हाई त बाळंतविडा कसला?"

माझ्या कानशिलात आग उठली. लेकीला कळा आल्या नाहीत म्हणून नात आमची नाही, हे ठरवणारा हा कोण? पण माझा राग नेहमीप्रमाणे शब्द शोधत बसला. तेवढ्यात बायकोनं कुंची उचलली.

"भाऊजी, कुंची लेकराच्या डोक्याला बांधत्यात, बाळंतिणीच्या न्हाई."

मी सगळे कपडे परत बॅगेत भरले आणि वजन कमी करायला माझा लोकरी कोट बाहेर काढला. तिकडे बर्फ पडतो म्हणतात. पडतो तर पडू दे.