जुन्या मापाचा ब्लाऊज

दुपारचं जेवण झालं की मालन मशीनच्या टेबलावरच कपाळ टेकते. दुकानाच्या मागे घर आहे, घरात खाट आहे, पण खाटेवर पडलं की सून स्नेहल विचारते, "आई, बरं वाटत नाही का?" आणि या एका प्रश्नाला मालन सध्या वाघाला घाबरावं तशी घाबरते. टेबलावर डोकं ठेवलेल्या शिवणारणीला कोणी काही विचारत नाही. लग्नसराई आहे, दमली असेल, एवढंच म्हणतात.

डोळे मिटतात, तरी पंख्याची घरघर ऐकू येतेय. आत स्नेहल भांडी लावतेय. आणि ब्लाऊजच्या आत, डाव्या अंगाला, ती गाठ गुमान बसून आहे. तिचा तुकडा तपासून झालाय. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी सरळच सांगितलं, कॅन्सर आहे, पण वेळेवर आलात, उपचार होईल. उद्या घरातल्या कोणाला तरी सोबत आणा, मग पुढचं ठरवू. घरातल्या कोणाला! मालनला त्यापेक्षा ऑपरेशन सोपं वाटलं. दर खेपेला ती "अस्तर आणायला जाते" म्हणून दवाखान्यात गेलीय आणि खोटं उघडं पडू नये म्हणून येताना खरोखरच अस्तर घेऊन आलीय. मांडणीवर आता लाल, हिरवं, मोरपंखी अस्तर असं रचलंय की अख्ख्या मिरजेचे ब्लाऊज निघतील.

गंमत बघा. उभा जन्म परक्या बायकांच्या छातीला टेप लावण्यात गेला. कोणी लाजलीच तर "अगं, मला काय नवीन आहे का?" म्हणून तिला हसवायची. आणि स्वतःवर वेळ आली तर या बाईच्या तोंडून तो शब्द निघत नाही. लेकाला काय सांगायचं? सुनेला बोट कुठे ठेवून दाखवायचं? नुसत्या विचारानेच मालनचे कान तापतात.

कान तापलेले असतानाच दाराचा पडदा हलतो आणि अक्का आत येतात.

अक्का म्हणजे मालनची थोरली नणंद. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली हे मालनला झोपेतही ठाऊक आहे, पण दारात आलेल्या नणंदेला "या" म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं.

"उठू नको, बस," अक्का म्हणतात. "ब्लाऊज शिवायचाय." आणि पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढून टेबलावर ठेवतात. जांभळा, विटलेला.

मालन तो ओळखते. ऑपरेशननंतर अक्कांनी हाच आणून दिला होता. अंगाला टेप लावू दिला नव्हता. "ह्याच मापानं शिव," म्हणाल्या होत्या. घरात सगळ्यांना पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं होतं. मालनला काय ते कळलं होतं, तरी तिने मुकाट्याने जुन्या मापाने शिवून दिला आणि अक्कांनी रिकाम्या बाजूला कापूस भरला.

"अक्का, अस्तर कुठल्या रंगाचं लावू?"

"अस्तराचं बरं सुचतंय तुला," अक्का मांडणीकडे बघून म्हणतात.

मालन मान खाली घालते. मान वर करते ती दवाखान्याच्या बाकावर. बायका ओळीने बसल्यात आणि प्रत्येकीच्या मांडीवर घडी घातलेला एकेक जुना ब्लाऊज आहे. कोणी कोणाकडे बघत नाही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मालनचं मशीन आपलं आपण चालतंय.

"ह्या सगळ्याजणी?" मालन हळूच विचारते.

"सगळ्या पोटाच्या ऑपरेशनला आल्यात," अक्का म्हणतात.

मालनला हसू फुटतं. हसता हसता तिच्या ध्यानात येतं की आपल्या अंगावर पदरच नाही. ती दोन्ही हातांनी छाती झाकून घेते. बाक कुठे गेला? हा तर मांडव आहे, तिच्या लेकाच्या, नितीनच्या हळदीचा. सगळा गोतावळा जमलाय, सनई लागलीय. लेकाला हळद लावायला अक्का वाकल्या आणि कापसाचा बोळा घसरून त्यांच्या गळ्याशी आला, तो हाच मांडव. मालनने तेव्हा पाहिलं होतं आणि पटकन ताट उचलून पाठ फिरवली होती. आता तो बोळा अक्का स्वतःच काढतात, घामाने गोळा झालेला, आणि हळदीच्या ताटात ठेवतात. सनई चालूच आहे.

"झाका अक्का, लोक बघत्यात."

"बघू देत की. गाठ लिंबाएवढी झाली तरी पदराखाली ठेवली मी. भावाला कसं सांगू, जावयाला काय वाटंल. रोगानं कमी आणि लाजंनं जास्त नेलं मला, मालन."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुम्हीच म्हणायचा."

"मग? काय निघालं मुठीतनं? कापूस."

मालनला रडू कोसळतं. "मला बी लई लाज वाटती हो अक्का. देवाशप्पथ सांगते, मरायचं एवढं भ्या न्हाई, जेवढं स्नेहलला सांगायचं वाटतं. सुनंम्होरं पदर कसा काढू?"

"टेप आण," अक्का म्हणतात.

टेप मालनच्या गळ्यातच आहे. पायांशी कृष्णेचं पाणी आलंय, घाटाची पायरी ओली लागतेय. अक्का दोन्ही हात पसरून उभ्या राहतात, जशी गिऱ्हाइकं उभी राहतात तशा.

"घे माप. त्या ब्लाऊजाचं नको, माझं घे. जुन्या मापानं किती दिवस शिवशील?"

मालन टेप लावते. डाव्या अंगाला टेप सपाट बसतो आणि टेपखाली काहीतरी धडधडतं, अक्कांचं काळीज की आपलीच बोटं, ते तिला कळत नाही.

"दुखलं का?"

"न्हाई गं. दवाखाना सोडला तर हितं कुणी हात लावला न्हवता. घरचा हात आज लागला."

मालनला त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. पण अक्का तिला खाली वाकू देत नाहीत. दंडाला धरून सरळ उभी करतात आणि खडू घेतात. "आता तुझी पाळी. हात काढ छातीवरनं." मालन हात काढते. अक्का डाव्या बाजूला बरोबर त्या जागी फुली मारतात, दाबून, पक्की.

"खूण न्हाई केली तर कात्री कुठं चालवायची, ते कुणाला कसं कळावं?" त्या म्हणतात. "शिवणारीण हाईस न्हवं?"

"आई, चहा."

मालन दचकून डोकं उचलते. पंखा घरघरतोय. कपाळावर मशीनच्या कडेचा वळ उमटलाय. समोर स्नेहल कप घेऊन उभी आहे.

"ब्लाऊजला खडू लागलाय बघा तुमच्या. झटका की."

मालन खाली बघते. पदर घसरलाय आणि मरून रंगाच्या ब्लाऊजवर डाव्या बाजूला पांढरी फुली आहे, नीट, दोन रेघांची. झोपेत आपल्याच हातून झाली असेल म्हणावं, तर खडू डब्यात आहे आणि डबा झाकण लावून मांडणीवर, त्या अस्तराच्या थप्पीमागे.

झटकायला तिचा हात वर जातो. सवयीने पदरही सावरायला जातो. मग तो हात मधेच थांबतो.

"झटकायचा न्हाई," ती म्हणते. "कप ठेव. तुझा हात दे हिकडं."

स्नेहलला काही कळत नाही, पण ती हात पुढे करते. मालन तिची बोटं धरून फुलीवर ठेवते आणि जरा दाबते. लाज अशी वाटतेय की धरणी पोटात घेईल तर बरं. डोळे खाली ठेवूनच ती बोलते.

"लागली का गाठ? कॅन्सर हाय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. छातीचा. उद्या घरातल्या कुणाला घेऊन या म्हणाल्यात."

स्नेहलची नजर मांडणीवर जाते, लाल, हिरवं, मोरपंखी, सगळ्यावरून फिरते आणि परत येते.

"तरीच म्हटलं," तिचा आवाज फाटतो, "एवढं अस्तर कशाला आणताय. एकट्याच जात होता तुम्ही, आई?"

मालनचे कान अजून तापलेलेच आहेत. पण स्नेहलने हात काढलेला नाही, आणि मालननेही पदर वर घेतलेला नाही.